जागच्या जागी, पण लांबवर

सप्टेंबर २०१७ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरात सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात वसलेलं हे शहर. शर्यतीच्या प्रत्येक फेरीत ‘सामन हिल’ नावाची चढण यायची आणि भल्याभल्यांचा दम काढायची. पुरुषांच्या मुख्य शर्यतीत स्लोव्हाकियाच्या पीटर सागाननं सलग तिसऱ्या वर्षी जगज्जेतेपद पटकावलं. त्या स्पर्धेच्या पाठोपाठ बर्गनमधूनच आणखी एक जागतिक शर्यत सुरू झाली. तिच्यातल्या स्पर्धकांचा पत्ता वृद्धसेवा केंद्राचा असतो आणि अनेक जण चाकांच्या खुर्चीत बसूनच शर्यतीत उतरतात.

‘रोड वर्ल्ड्स फॉर सीनियर्स’ हे तिचं नाव. साधारण चार आठवडे नॉर्वे, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतले आजीआजोबा आपापल्या केंद्रात पायडल मारतात, किलोमीटर मोजले जातात आणि केंद्राकेंद्रांत चुरस लागते. या शर्यतीमागे ‘मोटिटेक’ ही बर्गनचीच कंपनी आहे. तिनं २०१३ च्या सुमारास ‘मोटिव्ह्यू’ नावाची व्यवस्था विकसित केली. सायकलवरून जाताना दिसतील तशा रस्त्यांच्या फिल्मा मोठ्या पडद्यावर लावायच्या आणि समोर बसलेल्या माणसानं पायडल मारत त्या रस्त्यानं जायचं, अशी तिची साधी रीत.

यातली ‘सायकल’ म्हणजे खरं तर जमिनीवर ठेवलेलं पायडलचं यंत्र. खुर्ची त्याच्यासमोर आणायची, चाकांचे ब्रेक लावायचे, पाऊल खोबणीत ठेवून वेल्क्रोचा पट्टा आवळायचा. काही यंत्रांवर हातानं फिरवायचं पायडलही असतं, त्यामुळे पाय अधू असलेल्यालाही भाग घेता येतो. चांगल्या यंत्रात मोटर असते. सुरुवातीला ती पाय हळूहळू फिरवून देते, स्नायू सैल झाले की माणूस स्वतः जोर लावू लागतो आणि मग मोटरची मदत कमी होते. पक्षाघातानंतर एखाद्याचा पाय मध्येच ताठरला, तर यंत्र थांबतं किंवा उलटं फिरून पाय मोकळा करतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर म्हातारपणी बसून राहणं फार महागात पडतं म्हणून. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झिजलं. वृद्धसेवा केंद्रातला दिनक्रम अंथरुणाइतका नाही, पण खुर्चीला खिळलेला असतो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून जेवणाच्या टेबलाशी, पुन्हा खुर्चीत. मांड्या कमजोर झाल्या की आधाराशिवाय उठता येत नाही, उठता येत नाही म्हणून चालणं सुटतं, आणि चालणं सुटलं की मांड्या आणखी झिजतात. पोटऱ्यांचे स्नायू आकसताना पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. ते काम बंद पडलं की संध्याकाळपर्यंत पावलांवर सूज चढते. भूक, झोप, पोट साफ होणं, सगळ्यावरच त्याचा परिणाम होतो.

‘आता या वयात काय व्यायाम’ हे आपल्याकडचं पालुपद विज्ञानानं मात्र केव्हाच खोटं ठरवलं आहे. बोस्टनमध्ये मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातल्या शंभर अशक्त वृद्धांवर केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. दहा आठवडे पायांच्या स्नायूंना वजन वाढवत व्यायाम दिल्यावर त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, चालण्याचा वेग वाढला आणि जिना चढण्याची शक्तीही. ज्यांना नुसता पौष्टिक आहार दिला, व्यायाम दिला नाही, त्यांना असा फायदा झाला नाही. सायकलच्या बाबतीत तर फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचं उदाहरण जगजाहीर आहे. पॅरिसजवळच्या ट्रॅकवर २०१७ साली त्यांनी तासाभरात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली, तेव्हा ते १०५ वर्षांचे होते. १०१ ते १०३ या वयात सरावानं त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता १३ टक्क्यांनी वाढल्याचं शरीरशास्त्रज्ञ वेरोनिक बिया यांनी मोजून दाखवलं. मार्शां लाखात एक होते हे खरं, पण शंभरीनंतरही शरीर सरावाला दाद देतं, एवढं त्यातून कळलं.

खरी अडचण शरीरात नसते, ती कंटाळ्यात असते. भिंतीकडे तोंड करून वीस मिनिटं पायडल मारायला तरुणांनाही नको वाटतं, म्हणून तर घराघरांतल्या व्यायामाच्या सायकलींवर टॉवेल वाळत पडलेले दिसतात. त्यात डिमेन्शिया असलेल्या माणसाला ‘हे तुमच्या तब्येतीसाठी चांगलं आहे’ हे पटवून काही उपयोग होत नाही. दहा मिनिटांनी ते कारण विसरलेलं असतं. पडद्यावर समोर रस्ता पळतोय म्हटल्यावर मात्र पायडल मारायचं कारण दर क्षणी डोळ्यांपुढे असतं.

स्वीडनमध्ये हाल्मस्टाड इथल्या अभियंता अ‍ॅन-क्रिस्टीन हर्ट्झ यांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या ‘बाइकअराउंड’मध्ये पायडल आणि हँडल गुगल स्ट्रीट व्ह्यूला जोडलेले असतात आणि चित्र घुमटासारख्या वळलेल्या पडद्यावर उमटतं. माणसानं फक्त पत्ता सांगायचा: लहानपणीचं घर, शाळा, जिथं लग्न लागलं ते चर्च. पायडल मारलं की रस्ता पुढे सरकतो, हँडल वळवलं की गल्ली बदलते.

पत्ता ज्याचा त्याचा असण्यात मोठी खुबी आहे. डिमेन्शियात सकाळचा नाश्ता विसरला जातो, पण दहा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी बऱ्याच काळ शाबूत राहतात. सायकल चालवण्यासारखी अंगात मुरलेली कौशल्यंही लवकर जात नाहीत. शाळेचा रस्ता दिसला की पाय फिरू लागतात आणि बहुतेकदा तोंडही उघडतं. कोपऱ्यावर बेकरी होती, इथं पडलो होतो, ही गल्ली चढाची आहे. अशा वेळी शेजारी बसून ऐकणारं आणि ‘मग पुढे काय झालं?’ विचारणारं कुणी असलं, तर व्यायामाबरोबर गप्पाही होतात. शेजारच्या खुर्चीतलाही मग त्यात आपली भर घालतो.

पडद्यानं मेंदूवर खरंच काही फरक पडतो का, हे तपासणारा एक अभ्यास २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजच्या केय अँडरसन-हॅन्ली आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांच्या आठ वसाहतींमधल्या रहिवाशांचे दोन गट केले. एका गटाला साधी व्यायामाची सायकल, दुसऱ्याला पडद्याची. पडद्यावर आपल्याच आधीच्या सर्वोत्तम फेरीची सावली पुढे पळत असे आणि तिला गाठायचं असे. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांची शारीरिक मेहनत सारखीच भरली, पण नियोजन, लक्ष विभागणं अशा बौद्धिक कामांत पडद्याचा गट सरस ठरला. सौम्य बौद्धिक ऱ्हासाकडे घसरण्याचा धोकाही त्या गटात २३ टक्क्यांनी कमी दिसला. वळण पाहून हँडल फिरवणं, वेग सांभाळणं, पुढच्याला गाठणं यात डोकं गुंतलेलं राहतं, हे त्याचं संभाव्य कारण. अर्थात अभ्यास पूर्ण करणारे अवघे ६३ जण होते आणि ते स्वतंत्र राहू शकणारे वृद्ध होते. हा आकडा डिमेन्शिया टळेल अशी हमी म्हणून कुणी विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

दुसरी मर्यादा अशी की बसून पायडल मारल्यानं मांड्या, पोटऱ्या, हृदय आणि फुप्फुसं कामाला लागतात, गुडघ्यांवर शरीराचा भार न पडता त्यांची हालचाल होते. पण तोल काही सुधारत नाही. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडणं टाळायचं, तर उभं राहून तोल सांभाळण्याचे व्यायाम लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ज्येष्ठांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगितलं आहे, ते यासाठीच. सायकल खोलीच्या कोपऱ्यात आली म्हणून कठड्याला धरून उठाबश्या काढणं बंद करता येत नाही. उघड्या हवेची बरोबरीही पडदा करू शकत नाही. कोपनहेगनमध्ये २०१२ साली ओले कासो यांनी सुरू केलेल्या ‘सायकलिंग विदाउट एज’ चळवळीत स्वयंसेवक वृद्धांना पुढे बसवून तीनचाकी सायकलवरून शहरभर फिरवतात. तिथं वारा खरा असतो, पण पायडल दुसऱ्याचं.

महाराष्ट्रातल्या वृद्धाश्रमांना परदेशी यंत्रणेची वाट पाहत बसायचं कारण नाही. गुगल स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये भारतात आलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. सर्जिकलच्या दुकानात पायडलचं छोटं यंत्र मिळतं, भिंतीवर टीव्ही असतोच. आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या कितीतरी पुणेकरांनी शाळा, कॉलेज आणि नोकरी सायकलवरच केली. त्यांना टिळक रस्ता दाखवला तर वाटेतली दुकानं तेच सांगतील. मुलाच्या मोबाइलवर खंबाटकी घाटाची फिल्म काढून आणली, तर ती साताऱ्याच्या आजींच्या कामी येईल. फक्त कॅमेरा हिसके खाणारा नको, नाहीतर पाहणाऱ्याला मळमळतं.

खर्च खरा लागतो तो माणसांचा. छातीचं दुखणं, वाढलेला रक्तदाब, नुकतीच झालेली खुब्याची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरतात. बोलता बोलता पायडल मारता येतंय तोवर वेग ठीक, शब्द तुटू लागले की थांबायचं. हे पाहायला, पट्टा आवळायला, ‘आज कुठे जायचं?’ विचारायला आणि उत्तर ऐकून घ्यायला एका मावशींचा किंवा मामांचा अर्धा तास रोज मोकळा ठेवावा लागतो. यंत्र खरेदी करताना वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांनी त्या अर्ध्या तासाचीही तरतूद त्याच ठरावात केलेली बरी.