पेटी वाजवा, पण वहीशिवाय!

गेल्या जयंतीला येरवड्यातील एका वस्तीत गायन पार्टीचा कार्यक्रम होता. पेटीवर नववीतली मुलगी बसली होती. समोर वही, वहीत सा-रे-ग-म व्यवस्थित लिहिलेले. गायकाने रंगात येऊन ध्रुवपद पुन्हा उचलले आणि मुलीने पान उलटले. गायक ध्रुवपदात, पेटी अंतऱ्यात! पोर घाबरली आणि हात उचलून बसली. दोष तिचा नव्हता. आम्हा मोठ्यांनी तिला वही वाचायला शिकवले, गाणे लक्षात ठेवायला शिकवलेच नाही.

पाठ वाजवण्याचा पहिला फायदा हाच. डोळे मोकळे राहतात. गायकाच्या चेहऱ्याकडे, ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघता येते. दुसरा फायदा असा की, चूक झाली तरी पुढची ओळ मनात असते, म्हणून सावरता येते. तिसरा म्हणजे, दिवे गेले तरी गाणे थांबत नाही!

युरोपात मात्र एकेकाळी हा उद्धटपणा वाटे. १८३७ साली बर्लिनमध्ये क्लारा वीक या सतरा वर्षांच्या मुलीने बेथोव्हेनची रचना पुस्तकाशिवाय पियानोवर वाजवली, तेव्हा तिला नावे ठेवणारे निघाले. आज पियानोच्या एकल मैफलीत पाठ वाजवणे ही सर्वसाधारण रीत आहे. तरी रिख्तर यांच्यासारखे थोर पियानोवादक उतारवयात पुस्तक समोर ठेवूनच वाजवत. म्हणजे वही बघणे ही लाजेची गोष्ट नव्हे.

आपल्याकडे तर स्मरणाचीच परंपरा. वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली ती तोंडोतोंडी. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात अप्पा जळगावकरांची पेटी अनेकांनी ऐकली असेल. गायक पुढे काय घेईल, हे साथीदाराला वहीत कुठून सापडणार? ते कानानेच टिपावे लागते.

पालकांनो, पाठांतर केवळ बोटांचे नको. बोटे अडखळली की सगळेच विसरते. आधी गाणे तोंडाने म्हणून घ्यावे, मग त्याचे स्वर म्हणावेत, मग पेटीला हात लावावा. रोज दोनच ओळी घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी वही न उघडता त्या वाजवून पाहाव्यात. दरवेळी सुरुवातीपासून न वाजवता मधल्या कडव्यापासूनही सुरू करावे. काळी एकमध्ये बसलेले गाणे काळी दोनमध्ये वाजवून बघावे. तेव्हा कळते, गाणे बोटांत आहे की मनात.

आणि वय झाले म्हणून मोठ्यांनी मागे राहू नये. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते.

त्या मुलीला आम्ही परवा तालमीत पाहिले. वही होती, पण मिटलेली, मांडीखाली दाबून ठेवलेली. गायकाने मुद्दाम ध्रुवपद चार वेळा घेतले. ती हसली आणि चारही वेळा बरोबर आली.