परातीचा परीघ

दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावरची भांडी खाली उतरली आणि आमच्या सातवीतल्या कन्येला त्यांच्यात गणित सापडले. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो, हे तिला पाठ होते. ते खरे आहे का, हे पाहायला तिने दोरा आणि पट्टी घेतली. डब्याचा व्यास २०.१ सेंटिमीटर, परीघ ६३.२, भागाकार ३.१४. जमले! परात मात्र ३.१२ म्हणाली आणि आमटीची वाटी ३.१९.

"बाबा, यातलं खरं उत्तर कुठलं?"

मी उत्तरपत्रिका तपासत होतो. "पुस्तकातलं," मी मान वर न करता म्हणालो. तिने मुकाट्याने दोरा गुंडाळून ठेवला.

कवितेचा अर्थ गाइडातून पाठ करू नका, म्हणून वर्गात कानीकपाळी ओरडणारा मी घरी स्वतःच गाइड होऊन बसलो होतो! ते अधिकच टोचले, कारण होशंगाबादची हकीकत मला ठाऊक होती.

मध्य प्रदेशातील या जिल्ह्याला आता नर्मदापुरम म्हणतात. तेथे १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी सोळा खेड्यांतल्या शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान नव्या रीतीने शिकवायला घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक त्यांच्या मदतीला गेले. सरकारनेही शाळांची दारे उघडली आणि १९७८ मध्ये सबंध जिल्हा या प्रयोगात आला. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने ही धुरा वाहिली.

त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकात व्याख्या जवळजवळ नव्हत्याच. होते ते प्रयोग आणि प्रश्न. उत्तरे मुलांनी करून पाहून वहीत लिहायची. म्हणजे अर्धे पुस्तक ज्याचे त्यानेच लिहायचे! फूल उकलायला सुई नसेल तर बाभळीचा काटा चाले. मोजमापे फळ्यावर मांडली जात, आणि ती जुळली नाहीत तर का जुळली नाहीत, हाच पुढचा धडा होई. परीक्षेला पुस्तक आणि वही बरोबर न्यायची मुभा होती. शिवाय प्रयोग करून दाखवावा लागे. ज्यांची उत्तरे गुरुजींनाही येत नसत असे प्रश्न मुले 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला पत्राने कळवीत, आणि त्यांना उत्तरेही येत.

१९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे एक तरुण इंजिनिअर तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीतल्या काड्या, एवढ्या भांडवलावर त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. छपराची कैची त्रिकोणी का, हे मुलाच्या बोटांनाच कळते. पुढे पुण्याच्या 'आयुका'तल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अशी कितीतरी खेळणी केली.

२००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो हजाराच्या आसपास शाळांत पोचला होता. दोष कोणाला द्यावा? मी तिथला पालक असतो तर मुलाच्या वहीत तयार उत्तरे नाहीत म्हणून मलाही झोप लागली नसती. मार्कांची धास्ती आम्हां मध्यमवर्गीयांच्या रक्तातच आहे. पण त्या धास्तीपायी आपण मुलांच्या हातून काय काढून घेतो, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मीच दोरा शोधून काढला. "चल, वाटी पुन्हा मोजू."

"कशाला? उत्तर तर पुस्तकात आहे," ती म्हणाली. हे मला ऐकावे लागणारच होते.

अखेर ती बसली. वाटीचा मध्य कुठे, हे आम्ही आधी अंदाजानेच धरले होते. पट्टी मध्यावरून थोडी जरी सरकली तरी लांबी व्यासाहून कमीच भरते, कधी जास्त नाही. म्हणून भागाकार फुगतो. हे मी सांगितले नाही, मला ठाऊकही नव्हते. पट्टी इकडेतिकडे सरकवून सर्वांत मोठे माप कुठे येते ते तिनेच पाहिले. परातीचे कोडे मात्र वेगळे होते. तिचा काठ बाहेर वळलेला. दोरा घसरून काठाखाली बसत होता. व्यास काठाचा आणि परीघ पोटाचा!

काठावर दोरा कसा टिकवायचा, यावर आता चिकटपट्टीचे प्रयोग चालू आहेत. शंकरपाळ्यांचे पीठ भिजवायला परात कधी मिळणार, असे सौ. दोनदा विचारून गेली आहे.