ऑनलाइन समुपदेशन : आधी नोंदणी क्रमांक विचारा

ॲपवरचे तारांकित अभिप्राय किंवा ‘प्रमाणित थेरपिस्ट’ ही ओळ पात्रता सिद्ध करत नाही. ती पडताळायची तर नोंदणी पाहावी लागते. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषधे लिहून देतो आणि त्याची नोंद राज्य वैद्यक परिषदेकडे, आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, असते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑनलाइन चिठ्ठीवर आणि पावतीवरही हा क्रमांक हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही. त्याची नोंद १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत होते.

मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू करून उत्तम काम करणारे अनेक समुपदेशक या याद्यांत नसतात, हा आक्षेप रास्त आहे. नोंदणी नाही म्हणजे माणूस अपात्र, असे मुळीच नाही. तरीही गोपनीयता मोडली किंवा चुकीची वागणूक मिळाली, तर नोंदणीकृत व्यक्तीविरुद्ध तिच्या परिषदेकडे दाद मागता येते. हा आधार मोठा आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने समुपदेशकांनाही नियमनाच्या कक्षेत घेतले आहे. नोंदणी नसलेल्याला पदवी, विद्यापीठ, प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि कोणत्या ज्येष्ठाच्या देखरेखीखाली काम चालते, हे पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावे. उत्तर टाळणारा माणूस नाकारावा.

आत्महत्येचे विचार येत असतील तर शोधाशोधीत वेळ घालवू नका. ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा, सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे.