पुराआधीचा पैसा

ऑगस्ट २०२० चा अखेरचा आठवडा होता. दशलक्षण पर्व समारोपाकडे आले होते. महामारीमुळे मंदिरांची दारे बंद होती आणि स्वाध्याय घरोघरीच चालला होता. त्याच दिवसांत मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्याकडे मुसळधार पाऊस झाला, भीमगडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले आणि बालाघाट ओलांडून आलेल्या वैनगंगेने गोंदिया जिल्ह्याची सीमा गाठताना आपले पात्र केव्हाच सोडले होते. गोंदिया व तिरोडा तालुक्यांतील काठावरच्या गावांत पाणी शिरले, भाताची उभी बांधी चिखलाखाली गेली. पुढे भंडारा शहर बुडाले, गोसीखुर्द धरणाचे सर्वच्या सर्व ३३ दरवाजे उघडले गेले आणि ब्रह्मपुरी, देसाईगंजपर्यंत हाहाकार माजला.

या पुराचे मर्म असे, की त्याचे पाणी मुख्यतः दुसऱ्या राज्यात पडले होते. गोंदियाचे पर्जन्यमापक पाहून तो ओळखता येणे शक्य नव्हते. वरच्या धरणातून किती विसर्ग होणार, तो केव्हा पोहोचणार आणि खालच्या गावातील सरपंचाला ते कोण कळविणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सारे अवलंबून होते. आंतरराज्य समन्वयाविषयी तेव्हा बरीच टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. बाघ नदीवरही तीच गाठ आहे. पुजारीटोला, कालीसरार आणि सिरपूर या धरणांचे पाणी दोन्ही राज्ये वापरतात, मग पुराची खबरही दोन्ही राज्यांनी वाटून घ्यावयास हवी.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याने ही जबाबदारी निश्चित केली आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या व्यक्तीकडे असते. कलम ३१ नुसार जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करावा लागतो व दरवर्षी तो तपासून अद्ययावत करावा लागतो. नगर परिषदेसारख्या स्थानिक संस्थांनाही आपापला आराखडा करणे बंधनकारक आहे. व्यापारी मनुष्य मात्र या कागदाकडे सहसा फिरकत नाही. जीएसटीची अधिसूचना तो रात्री जागून वाचतो. ज्या आराखड्यात त्याच्या गोदामाचा रस्ता पूरप्रवण म्हणून नोंदला गेला असेल, तो मात्र त्याने पाहिलेला नसतो.

पैशाचा हिशेब पेढीवरच्या माणसाला सहज समजेल असा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीची एकूण रक्कम १,६०,१५३ कोटी रुपये ठरविली. त्यातील प्रत्येक दहा रुपयांपैकी चार रुपये तातडीच्या मदतीसाठी, तीन रुपये पुनर्बांधणीसाठी आणि एक रुपया पूर्वतयारी व प्रशिक्षणासाठी. उरलेले दोन रुपये ‘उपशमन’ निधीचे, म्हणजे आपत्ती येण्यापूर्वीच तिची धार बोथट करण्याचे. महाराष्ट्रासारख्या राज्यात यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. पूर्वी जवळजवळ सारा विचार मदतवाटपाचा होता. आधी खर्च करण्यासाठी स्वतंत्र पैसा राखून ठेवण्याची ही पद्धत नवी आहे.

हे दोन रुपये आपोआप गावात येत नाहीत. मदतीचा पैसा पंचनाम्याच्या मागोमाग येतो, उपशमनाचा पैसा प्रस्तावाच्या मागोमाग. नाल्याची संरक्षक भिंत, पुलाची उंची, पूर इशारा यंत्रणा, वीज अटकाव यंत्रणा यांपैकी काय हवे ते कोणीतरी मोजून, अंदाजपत्रक जोडून मागावे लागते. जो जिल्हा मागत नाही, त्याच्या वाट्याला पुन्हा पंचनामेच येतात.

विजेचा उल्लेख सहज आलेला नाही. पूर्व विदर्भात रोवणीच्या दिवसांत बांधीत उभ्या असलेल्या मजुरांवर वीज कोसळते, तेव्हा ती बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते आणि मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे साहाय्य मिळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन विजेची पूर्वसूचना मोबाइलवर विनामूल्य देते. राइस मिलच्या मुनीमजींनी ते घेतले असेल. रोवणी करणाऱ्या बाईच्या हाती ते पोहोचले आहे काय, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे चार दानांत अभयदानाची गणना होते, ती अशा ठिकाणी आठवावी.

या भूमीला पाण्याचे नियोजन नवे नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्यांच्याच कर्तृत्वाची खूण. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा-सात हजार तलाव होते. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरे, पावसाचे पाणी टप्प्याटप्प्याने अडे आणि नदीपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा वेग मोडलेला असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले, ‘माजी मालगुजारी तलाव’ असे त्यांचे नामकरण झाले आणि देखभालीचा धनी हरवला. गाळ साचला, पाळी फुटल्या, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली. वरच्या राज्यातून आलेला लोंढा हे तलाव थोपवू शकणार नाहीत, हे खरे; परंतु चुलबंद, गाढवी, पांगोली या जिल्ह्यातल्याच नद्यांचा पूर सौम्य करण्यास त्यांच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

येथे समाजाचा अनुभव उपयोगी पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेऊन त्यांना पुण्यास आणले, हे सर्वांना ठाऊक आहे. तेच संघटन पुढे तलावांतील गाळ काढण्याकडे वळले आणि २०१८ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात यंत्रे पुरवून शासनासोबत मोठे काम उभे राहिले, याची चर्चा मात्र कमी होते. दानाची ही दिशा आपत्तीनंतरच्या शिध्याहून अवघड आहे. अन्नछत्राचे छायाचित्र निघते. गाळ काढलेल्या तलावाचे काय छायाचित्र काढणार? शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना अशा भागीदारीसाठीच आहे आणि निघालेला गाळ शेतकऱ्याच्या बांधीत सोने होऊन पडतो.

शहराची जोखीम निराळी. डिसेंबर २०१६ मध्ये गोंदियाच्या बाजारपेठेतील एका हॉटेलला पहाटे आग लागून सात जणांनी प्राण गमावले. अरुंद गल्ल्या, वर घर आणि खाली दुकान, जिन्यातच रचलेल्या मालाच्या पेट्या, ही कोणत्याही जुन्या बाजाराची रचना आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू असलेल्या इमारतींच्या धारकाने दर जानेवारी व जुलैमध्ये अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. हे काम पैसे देऊन कागद आणण्याचे होऊ नये. अग्निशमन वाहन कोणत्या गल्लीत शिरू शकत नाही, हे नगर परिषदेपेक्षा व्यापारी संघाला अधिक ठाऊक असते.

शासकीय मदतीवर दुकानाची भिस्त ठेवता येत नाही. २०२१ च्या महापुरानंतर राज्याने दुकानदारांना जाहीर केलेले साहाय्य नुकसानीच्या ७५ टक्के, पण कमाल ५०,००० रुपये होते. धानाच्या एका मालमोटारीचीही त्यात भरपाई होत नाही. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हा प्रमाणित विमा उपलब्ध आहे आणि त्यात आगीबरोबर पुराचाही समावेश आहे. पॉलिसीवर दुकानाबरोबर गोदामाचाही पत्ता आहे किंवा नाही, एवढे तरी आजच पाहावे.

ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचे जे अनुदान मिळते, त्यातील काही भाग अबंधित असतो आणि गावाच्या निकडीनुसार खर्च करता येतो. पुढील वर्षाचा गाव विकास आराखडा तयार करण्याची मोहीम साधारणतः २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या वेळी क्षमापना आटोपलेली असते, दिवाळीच्या मालाची घाई अजून लागलेली नसते आणि ज्या गावात आपली मिल किंवा गोदाम आहे तेथील ग्रामसभेची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेली असते.