बंदुकीला मिलिटरी रंग कशाला?

जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात तुम्ही एक बदल पाहिलाय का? पूर्वी खेळण्यातली बंदूक काळी असायची, नाहीतर चंदेरी. आता ती हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची मिळते. त्याच रंगाची टोपी, त्याच रंगाचं दप्तर, त्याच रंगाचा स्वेटर. सगळे त्याला ‘मिलिटरी रंग’ म्हणतात. पुस्तकात यालाच कॅमफ्लाज म्हणतात.

आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका पठ्ठ्यानं पालीच्या खंडोबाच्या जत्रेतून अशी एक लांबलचक बंदूक आणली. अंगात स्वेटरही त्याच रंगाचा. मधल्या सुट्टीत तो सगळ्यांना सांगत होता, “ही शिकारीची बंदूक हाय. असला रंग असला की हरणाला दिसतच न्हाई.”

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बंदूक दिसत नसंल, पण तू दिसतोस की!”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी गेल्यावर तिचं बोलणं डोक्यातून जाईना. खरंच, शिकारीच्या बंदुकीला हा रंग देतात तो लपण्यासाठी की नुसता ऐट म्हणून?

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपल्या देशात १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. हौस म्हणून हरीण किंवा ससा मारणं हा गुन्हा आहे. पण अमेरिकेसारख्या काही देशांत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. ठिपक्यांच्या खऱ्या बंदुका विकल्या जातात त्या तिकडे. हे ठिपके हातानं रंगवत नाहीत बरं का. पाण्यावर एक छापील पातळ पापुद्रा तरंगत ठेवतात आणि बंदुकीचा भाग त्यात हळूच बुडवतात. पापुद्रा चहूबाजूंनी चिकटतो. झाली नक्षी तयार!

जुन्या शिकाऱ्यांकडे मात्र असलं काही नव्हतं. जिम कॉर्बेट यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नेपाळ आणि कुमाऊंमध्ये मिळून चारशेच्या वर माणसं मारणारी चंपावतची वाघीण त्यांनी १९०७ साली मारली. त्याबद्दल त्यांना रिग्बी कंपनीची एक रायफल भेट मिळाली. तिचा दस्ता लाकडाचा आणि नळी काळपट पोलादाची. ठिपका एकही नाही. ती घेऊन ते जंगलातून फिरले, आणि त्यांचं काही अडलं नाही. लाकूड तपकिरी असतंच, आणि जंगलात लाकडाला काय तोटा?

आता हरणाकडून बघू या. आपल्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे जंगल. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. अभयारण्य आहे जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, पण हरणं भरपूर. आमची सहल तिथं गेली, तेव्हा मुलांनी लाल, पिवळे, निळे असे नाना रंगांचे कपडे घातले होते. चितळांचा एक कळप बराच वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात एकानं खाऊची पिशवी नुसती वर केली, आणि कळप क्षणात पसार!

असं का झालं? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाच्या डोळ्यांत दोनच. त्यामुळे लाल, नारिंगी आणि हिरवा यांतला फरक हरणाला नीटसा कळत नाही. आपल्याला वाघ भगवा दिसतो, पण चितळाला तो गवताच्याच रंगाचा वाटतो. म्हणून तर इतका भडक प्राणी जंगलात उपाशी मरत नाही! माकडांचे डोळे मात्र आपल्यासारखे. झाडावरच्या वानराला वाघ भगवाच दिसतो, आणि तो ओरडून सगळ्या रानाला सावध करतो.

म्हणजे हरीण रंगाला फारसं विचारत नाही. ते बघतं हालचाल. कान टवकारून ऐकतं. आणि वारा तुमच्याकडून तिकडं वाहत असेल, तर तुम्हाला ते दिसण्याआधीच त्याला तुमचा वास लागलेला असतो. मग बंदुकीवर चार हिरवे ठिपके असले काय, नसले काय!

पण ठिपके अगदीच कुचकामी, असंही म्हणता येत नाही. पाखरांची गोष्ट वेगळी. त्यांना रंग आपल्यापेक्षाही जास्त कळतात, आणि बदकं तर वरून उडता उडता खाली बघतात. परदेशात बदकं आणि टर्की या पक्ष्यांची शिकार करणारे लोक ठिपक्यांची बंदूक जास्त वापरतात, ते काही उगाच नाही.

हे सगळं वाचून सांगण्यापेक्षा करून बघावं, असं आम्ही ठरवलं. शाळेच्या कुंपणाला मेंदी आहे. मुलं पाठ करून उभी राहिली आणि मी मेंदीत तीन वस्तू ठेवल्या. एक ती जत्रेतली बंदूक, दुसरी तेवढ्याच लांबीची बाभळीची वाकडी काठी, आणि तिसरी एक साधी काळी बंदूक, पण गोणपाटाच्या चिंध्यांनी गुंडाळलेली. मग तीस पावलांवरून शोधायचं.

सगळ्यात आधी काय सापडलं असेल? जत्रेतली बंदूक! प्लॅस्टिक उन्हात असं चकाकत होतं की ठिपक्यांचा काही उपयोगच झाला नाही. गोणपाटवाली बरीच उशिरा दिसली. बाभळीची काठी तर बोट दाखवेपर्यंत कुणाला दिसली नाही. नंतर तीच ठिपक्यांची बंदूक सावलीत ठेवली, तेव्हा मात्र तिनं चांगलंच दमवलं. शेवटी बंदुकीचा मालक स्वतः ती घेऊन मेंदीमागे आडवा झाला. बराच वेळ तो कुणाला दिसेना. तेवढ्यात त्याला डास चावला, त्यानं गालावर चापट मारली, आणि सगळे ओरडले, “त्यो बघा!”

तुम्हीही हा प्रयोग परसात करून बघा. खेळण्यातली बंदूक नसली तर लाटणं घ्या.

आमच्या शेजारी एक फौजी आजोबा राहतात. सातारा म्हणजे सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आजोबांना आमचा प्रयोग सांगितला, तर ते म्हणाले, “अवं बाई, रंग शेवटी. आधी चकाकी घालवायची, मग आकार मोडायचा. रानात सरळ लांब रेघ कुठं असती का? बंदुकीची नळी म्हंजे सरळ रेघ. ती चिंध्यांनी, पाल्यानं मोडायची. आन् गप पडून ऱ्हायचं.” मुलांच्या गोणपाटाच्या बंदुकीचं गुपित हेच होतं.

सैनिकांना लपण्याचा रंग मिळाला तोही आपल्याकडच्या धुळीतून. खाकी हा शब्द ‘खाक’, म्हणजे धूळ, यावरून आला. इंग्रजांचे शिपाई आधी लाल डगले घालून लढत. १८५७ च्या लढाईत काही गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहात आणि चिखलात बुडवून मळखाऊ करून घेतले. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रेंच लष्करानं चक्क चित्रकारांची एक तुकडी उभारली आणि त्यांच्याकडून तोफा रंगवून घेतल्या. आपल्या भूदलाचा नवा ठिपकेदार गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी, सेना दिनाच्या संचलनात, पहिल्यांदा दिसला.

तोफांवरून आठवलं. ह्यू कॉट नावाचे एक इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ होते. प्राणी कसे लपतात याचा त्यांचा मोठा अभ्यास. १९४० साली त्यांनी रेल्वेवरची एक प्रचंड तोफ रंगवली, ती हरणाच्या पद्धतीनं! चितळाची पाठ गडद आणि पोट पांढरं असतं, हे तुम्ही पाहिलंय. ऊन वरून पडतं, त्यामुळे पाठ उजळते आणि पोटाखाली सावली पडते. पोट आधीच पांढरं असलं की सावली फिकी पडते आणि अंगाची गोलाई दिसत नाही. कॉट यांनी तोफेला तसाच वर गडद, खाली फिका रंग दिला. विमानातून फोटो काढले, तर शेजारची नेहमीसारखी रंगवलेली तोफ लगेच दिसली. कॉट यांची मात्र शोधावी लागली.

मग लपणं आणि मिरवणं दोन्ही एकाच अंगावर जमतं का? जमतं! आणि ते बघायला साताऱ्याहून फार लांब जायला नको. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचा सडा आहे, पवनचक्क्यांचा. तिथं एक सरडा राहतो. अंग कातळासारखं तपकिरी. गप बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसणार नाही. पण पावसाआधीच्या दिवसांत नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी! मादीनं बघावं आणि दुसऱ्या नरानं दूर राहावं म्हणून हा थाट. काम झालं की पंखा बंद, पुन्हा दगड. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये त्याला नाव दिलं, ‘सराडा सुपर्बा’. त्यातलं सराडा म्हणजे आपला मराठी सरडाच.

याच सड्यावर एक अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौथ्या हिश्शाएवढेच उरले होते. पक्षी कमी म्हणून सरडे वाढले. सरडे वाढले म्हणून खाणं कमी पडलं, ते बारीक झाले, आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. मिरवायलासुद्धा अंगात रग लागते!

आता पालकांना एक सांगायचं आहे. अमेरिकेत हरणांच्या शिकारीच्या हंगामात अनेक राज्यांत भडक नारिंगी जाकीट घालणं सक्तीचं असतं. हरणाला नारिंगी कळत नाही, पण माणसाला लांबून कळतं. झुडपातला माणूस हरीण समजून गोळी लागू नये, म्हणून. तिथं बंदूक ठिपक्यांची घ्या नाहीतर काळी, ती तुमची हौस. अंगावरचं नारिंगी मात्र चुकवायचं नाही.

हे मला जानेवारीत नीट समजलं. आमचा तोच पठ्ठ्या संध्याकाळी डेअरीला दूध घालायला निघाला होता. अंगात मिलिटरी रंगाचा स्वेटर. दोन्ही बाजूला ऊस, दिवे लागायची वेळ, आणि समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर. ड्रायव्हरनं अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक मारला. पोरगं चरीत पडलं, किटली चेपली, दूध सांडलं. गुडघा फुटला, एवढ्यावर निभावलं. ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “पोरगं दिसलंच न्हाई,” तो त्याच्या आईला पुन्हा पुन्हा सांगत होता. “मला वाटलं पाचटच हाय.”

अंधार पडू लागला की लाल-नारिंगी रंगही काळपट दिसतो. तेव्हा नुसता भडक कपडा पुरत नाही, दिव्याचा उजेड परत फेकणारी पट्टी लागते. सायकलच्या दुकानात ती मिळते. आम्ही वर्गातल्या सगळ्या दप्तरांना आणि त्या स्वेटरच्या पाठीलाही ती लावली. लावताना तो जरा नाराज होता, पण रात्री वडिलांनी बॅटरी मारून दाखवल्यावर खूश झाला.

बंदूक अजून त्याच्याकडे आहे. परवा पाहुण्यांच्या मुलानं विचारलं, “ही लपायची बंदूक का रे?” तर हा म्हणाला, “छे! ही नुसती शोला हाय. लपायचं असंल तर बाभळीची काठी घे.”