कूलर गेला, एसी आला, आणि रेडॉन

रेडॉनचे नाव काढले की रायपूरच्या तात्यापाऱ्यात ठरलेले उत्तर मिळते: हे अमेरिकेतल्या तळघरांचे दुखणे, आपली घरे मोकळी, त्यात रायपूरचा उन्हाळा, इथे कसला रेडॉन? उत्तर अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते खोडायला चिवट. रेडॉन काही हवामान बघून जन्माला येत नाही. माती-खडकात थोडेबहुत युरेनियम सगळीकडे असते. त्यातून रेडियम, रेडियममधून हा किरणोत्सारी वायू. फरशीच्या भेगांतून, नळ जिथून आत येतात त्या फटींतून तो घरात शिरतो. उघड्यावर विरून जातो, कोंडलेल्या खोलीत साठतो. त्याचे अर्धे अणू विघटित व्हायला 3.8 दिवस लागतात; साठायला एवढा अवधी पुरतो. म्हणजे प्रश्न देशाचा नसून खोलीतली हवा किती वेळा बदलते याचा आहे.

आणि ही हवा रायपुरात बदलेनाशी झाली आहे, हे कोणी लक्षातच घेत नाही. मधल्या चौकाच्या घरात वारा खेळायचा. खिडकीतला कूलर तर बाहेरची हवा आत ढकलतो, त्या दाबाने जमिनीतला वायूही थोडा रोखला जातो. स्प्लिट एसी मात्र खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीतच सोडतो, आणि त्यासाठी दारे-खिडक्या बंद. तळमजल्याच्या अशा खोलीत रात्रभर झोपायचे आणि ‘आमचे घर मोकळे’ म्हणायचे, याला काय म्हणावे! यावर आक्षेप येतो की थंड देशांत तापवलेले घर जमिनीतली हवा जास्त जोराने ओढते, आणि रायपूरखाली तर मुख्यतः चुनखडक व शेल आहे. दोन्ही बरोबर. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण शेजारच्या दोन घरांतही आकडे वेगळे निघतात, तेव्हा सरासरीवरून आपली खोली कळत नाही. घरांतली जागतिक सरासरी घनमीटरला सुमारे 40 बेकेरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये 100 ही संदर्भपातळी सुचवली. युरोपातल्या 2005 च्या एकत्रित अभ्यासात दर 100 बेकेरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढलेला दिसला. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा धोका मुळातच मोठा, म्हणून ही वाढ त्याला जास्त भोवते.

बाकीचे समज किरकोळ. वास येईल म्हणून थांबू नका, रेडॉनला वास नसतो. एअर प्युरिफायरची जाळी धूळ अडवते, वायू नाही. राखेच्या विटांना उगीच बदनाम करू नये: राखेत रेडियम असते खरे, पण भट्टीत वितळून काचेसारख्या झालेल्या कणांतून रेडॉन फारसा सुटत नाही. जवळ युरेनियमची खाण लागते, हेही नाही.

तपासणी म्हणजे यंत्र लावले आणि तासाभरात निकाल, असे नव्हे. दिवस-रात्र आणि ऋतूंप्रमाणे आकडा हलतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या डबीत एलआर-115 नावाची फिल्म असते. ती झोपण्याच्या खोलीत, भिंत आणि पंख्यापासून दूर, साधारण तीन महिने टांगतात. रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे फिल्मवरचे ओरखडे मग प्रयोगशाळेत मोजले जातात. उन्हाळ्यातल्या एसीच्या दिवसांत एकदा आणि थंडीत एकदा मोजले तर चित्र स्पष्ट होते. आकडा जास्त निघाला तर आधी भेगा बुजवाव्यात आणि खिडकी उघडावी. बंद खोलीत नुसता एक्झॉस्ट पंखा लावणे उलट अंगावर येऊ शकते, कारण तो खोलीतला दाब कमी करतो आणि मग जमिनीतली हवाच वर खेचली जाते.