अडकलेला आयपीस : जोर लावण्याआधी कुलूप पाहा

बीड जिल्ह्यात लग्नसराईला खरा जोर चढतो तो ऊसतोड मजूर गावी परतल्यावर. दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली कुटुंबे कारखान्यांचा पट्टा पडला की घरी येतात आणि मग गेवराई, केज, धारूर, आष्टी, जिकडे पाहावे तिकडे मंडप दिसू लागतात. या दिवसांत फोटोग्राफरला उसंत नसते. डोक्यावर ऊन, अंगाला घाम, मंडपात धूळ, हळदीच्या कार्यक्रमात हवेत हळद. आणि हे सगळे कॅमेऱ्याच्या ज्या भागाला तो डोळा लावून उभा असतो, त्या व्ह्यूफाइंडरच्या आयपीसवर जाऊन बसते.

हंगाम भरात असताना आयपीसच्या काचेमागे कचरा दिसू लागतो, किंवा रबर फाटते, किंवा काचेला ओरखडा पडतो. आयपीस काढून साफ करावा म्हटले तर तो हलत नाही. कंपनीचे सेवा केंद्र गाठायचे तर मोठ्या शहरात जायचे, आणि तेथे कॅमेरा ठेवला की हातातली कामे गेली. मग तो कॅमेरा जवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात येतो. या धंद्यात आमचे अनेक तरुण आहेत, त्यांचा हात बारीक कामाला बसलेला आहे, आणि कॅमेऱ्याची छोटी कामे हे त्यांच्यासाठी रोजीचे एक वाढीव साधन होऊ शकते. म्हणूनच या एका लहानशा कामाविषयी आम्ही थोडे सविस्तर लिहीत आहोत. काम पाच मिनिटांचे आहे, पण चुकीच्या हातात कॅमेऱ्याचे नुकसान मोठे होते.

पहिली गोष्ट म्हणजे आयपीस दोन जातींचे असतात. एक चौकोनी, खाचेत सरकणारा. दुसरा गोल, आट्यांवर फिरणारा. कॅननच्या बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांवर आणि निकॉनच्या लहान व मधल्या कॅमेऱ्यांवर चौकोनी रबर असते. ते फिरवायचे नसते. दोन्ही बाजूंना बोटे लावून वरच्या दिशेने सरकवायचे असते. वर फ्लॅश लावलेला असेल तर आधी तो उतरवावा, नाहीतर रबराला वर यायला जागाच राहत नाही. जुने रबर उन्हाने व घामाने चिकट होते आणि खाचेला धरून बसते. अशा वेळी मोबाईलचे झाकण उघडायला वापरतो ती पातळ प्लास्टिकची पट्टी दोन्ही खालच्या कोपऱ्यांत आळीपाळीने हलकेच सरकवली की ते सुटते. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घालू नये. खाच प्लास्टिकची असते. तिचा काठ तुटला की नवे रबरही तेथे टिकत नाही.

चौकोनी आयपीसची गोष्ट एवढीच. खरा घोटाळा गोल आयपीसचा आहे.

गोल आयपीसचे कुलूप

निकॉनचे वरच्या दर्जाचे कॅमेरे, म्हणजे २००८ चा डी ७००, २०१२ चा डी ८००, २०१४ चा डी ८१०, २०१६ चा डी ५००, २०१७ चा डी ८५० तसेच डी ३, डी ४, डी ५ ही मोठी यंत्रे, यांच्यावर गोल आयपीस असतो. बाजारात त्याला डीके-१७ या नावाने ओळखतात. मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळलेले शहरांतील फोटोग्राफर हे जुने कॅमेरे विकू लागल्यापासून मुंबईच्या बोरा बाजारातून, पुण्यातून ते वापरलेल्या स्थितीत लहान गावांपर्यंत येतात. सोबत माहिती-पुस्तिका क्वचितच येते, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

या कॅमेऱ्यांवर व्ह्यूफाइंडरच्या डाव्या अंगाला एक लहान दांडी असते. ती फिरवली की आत पडदा बंद होतो आणि व्ह्यूफाइंडर काळा दिसतो. कॅमेरा स्टँडवर लावून डोळा बाजूला घेतल्यावर मागून उजेड आत शिरून प्रकाशाचे माप बिघडू नये, यासाठी हा पडदा आहे. परंतु त्याच दांडीकडे दुसरेही काम दिलेले आहे. पडदा उघडा असेपर्यंत आयपीसला आतून कुलूप असते. पडदा बंद केला की कुलूप सुटते. काम चालू असताना आयपीस आपोआप ढिला होऊन पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. ती ज्याला ठाऊक नाही तो आयपीसला जोर लावतो, आयपीस हलत नाही, मग आणखी जोर लावतो, शेवटी पक्कड घेतो. कडी चेपते, आटे खराब होतात, आतली लहानशी खूण मोडते. आणि सगळा वेळ आयपीस अडकलेला नव्हताच, तो फक्त बंद होता.

म्हणून असा कॅमेरा टेबलावर आला की प्रथम दांडी फिरवून पडदा बंद करावा आणि मगच आयपीस घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पाहावा. पुष्कळदा काम तेथेच संपते. जाता जाता सांगायचे तर, याच दांडीमुळे "कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही" म्हणून घाबरलेले गिऱ्हाईकही येते. पडदा उघडून द्यावा आणि त्याचे पैसे घेऊ नयेत.

आता कुलूप सुटूनही आयपीस हलत नसेल, तर तो खरोखर अडकला आहे असे समजावे. कारणे ठरलेली आहेत. आट्यांत धूळ शिरून घामाने घट्ट झालेली असते. किंवा मागे कोणीतरी आटे तिरके बसवून जबरदस्तीने आवळलेले असतात. किंवा डोळ्याभोवती उजेड अडवणारे मोठे रबर आयपीसच्या कडीखाली दाबून बसवलेले असते आणि ते जुने होऊन चिकटलेले असते.

सुरुवात बॅटरी काढण्यापासून करावी. लेन्स किंवा झाकण जागेवर असू द्यावे. कॅमेरा असा धरावा की आयपीसचे तोंड जमिनीकडे राहील. सुटलेला कचरा आत न जाता खाली पडतो. मऊ ब्रशने कडीभोवतीची धूळ झाडून हवेच्या फुग्याने उडवावी. यानंतर आपल्या हाताची सवय आड येते. घट्ट वस्तू म्हटली की आपण ती दोन बोटांत आवळतो. पण आयपीसची कडी पातळ आहे. आवळली की ती किंचित लंबगोल होते आणि आट्यांना अधिकच घट्ट धरते. म्हणजे जितकी ताकद अधिक तितका आयपीस पक्का. यावर उपाय असा की कडीला बाजूने न आवळता समोरून रबर टेकवून फिरवावे. जाड रबराचा, उदाहरणार्थ बाटलीच्या बुचाचा, कडीच्या मापाचा तुकडा घ्यावा. त्याला मध्ये खळगा कोरावा म्हणजे काचेला स्पर्श होणार नाही. तो कडीवर बेताने दाबून तळहाताने फिरवावा. तसा तुकडा नसेल तर सायकलच्या ट्यूबची स्वच्छ पट्टी किंवा घरकामाचा रबरी हातमोजाही चालतो. आधी अगदी थोडे आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने फिरवले, की आट्यांतील कण जागा सोडतात. लेन्स दुरुस्त करणारे जुने कारागीर असेच करतात.

एवढ्यानेही सुटला नाही तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब दात कोरण्याच्या काडीच्या टोकाने कडीच्या फटीत लावावा, काही मिनिटे थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. मोबाईलच्या दुकानात ते असतेच. तेलाचा फवारा, रॉकेल, पेट्रोल, थिनर यांना मात्र हात लावू नये. तेल फटीतून आपोआप आत ओढले जाते आणि व्ह्यूफाइंडरच्या काचांवर पसरते. थिनर प्लास्टिक खातो. कोणी आधीच फेव्हिक्विक टाकलेले असेल तर त्यावर ॲसिटोनचा विचारही करू नये. तो कॅमेरा सेवा केंद्रातच पाठवावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आयपीस निघाल्यावर आटे कोरड्या ब्रशने साफ करावेत, तेल लावू नये. परत बसवताना आधी उलट दिशेने फिरवावे. आटे जुळले की बोटाला हलका टिचका जाणवतो, तेथून सरळ दिशेने बसवावे. बोटाने बसेल तेवढेच आवळावे आणि शेवटी पडदा उघडायला विसरू नये.

बिघडले तर भरून कोणी द्यायचे?

हा प्रश्न कारागीर टाळतात, पण गिऱ्हाईक टाळत नाही. अनेकांचे काम करणाऱ्या कारागिराला फिकहमध्ये अजीर मुश्तरक म्हणतात. शिंपी, रंगारी, धोबी यांची त्यात गणना होते आणि आजचा दुरुस्ती करणारा त्याच पंगतीत बसतो. हनफी फिकहचा प्रसिद्ध ग्रंथ 'हिदाया', ज्याचे कर्ते इमाम मरगीनानी ११९७ मध्ये वारले, त्यात धोब्याचे उदाहरण आहे. आपटताना कापड फाटले तर भरपाई त्याची, कारण नुकसान त्याच्याच कामातून झाले. इतर इमामांचे यात मतभेद आहेत आणि प्रत्येक प्रकरणाचा तपशील वेगळा असू शकतो. तो आपल्या भागातील जाणत्या आलिमांकडून समजून घ्यावा. पण पक्कड लावून कडी चेपली आणि "तो आधीच अडकला होता" असे सांगितले, तर सुटका होणार नाही एवढे उघड आहे. मजुरी आधी ठरवणे हीदेखील इजाऱ्याची अट आहे. काम झाल्यावर "समजून द्या" म्हणण्याची आपली रीत भांडणाला जागा ठेवते.

देशाचा कायदाही फार वेगळा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे ताब्यात दिलेल्या वस्तूची काळजी एखादा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी लागते. तशी घेतली असेल तर, वेगळा करार नसल्यास, नुकसानीची जबाबदारी येत नाही, असे कलम १५२ म्हणते. आणि काम ठरल्याप्रमाणे पूर्ण केल्यावर मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० ने कारागिराला दिलेला आहे.

तेव्हा कॅमेरा हाती घेताना गिऱ्हाइकासमोरच तो नीट पाहावा. कडीवर पक्कडीच्या जुन्या खुणा आहेत का, काचेला ओरखडा आहे का, डिंक दिसतो का, पडद्याची दांडी फिरते का, हे पावतीवर लिहावे, मोबाईलवर एक फोटो घ्यावा आणि ठरलेली मजुरी तेथेच मांडावी. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्या फोटोग्राफर बंधूंनीही पैसे मोजण्यापूर्वी पडदा बंद करून आयपीस एकदा फिरवून पाहावा. तो सुरळीत निघाला आणि सुरळीत बसला तर ठीक. नाही तर किंमत त्या मानाने पाडून मागावी.